वाचकांचे प्रश्न : कानात शिट्टी वाजते, मॅग्नेशियम कुठलं घेऊ?

मागच्या अंकात कानात येणाऱ्या आवाजाबद्दल लिहिताना जाता जाता एका वाक्यात मॅग्नेशियमचं नाव घेतलं आणि या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी त्या एकाच वाक्यावर आहेत, बाकीची दोन पानं कुणी वाचली की नाही देव जाणे. असो, अर्धवट सोडलं ती चूक माझीच, तर आता नीट बोलूया.

प्रश्न : ताई, दीड वर्ष झालं, दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी किर्रर्र चालू असते. दिवसा कामाच्या नादात कळत नाही पण रात्री आडवं झालं की सुरू. ईएनटीकडे जाऊन आलो, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख काढला, वरच्या फ्रिक्वेन्सीत थोडं कमी ऐकू येतंय, बाकी काही नाही, सवय करून घ्या म्हणाले. ऑनलाइन बघितलं तर मॅग्नेशियमचे सतरा प्रकार, सायट्रेट, ग्लायसिनेट, थ्रिओनेट, टॉरेट, ऑक्साइड. यातलं कानासाठीचं कुठलं?

तुम्ही आधी कान तपासून घेतलेत हे फार बरं केलंत, कारण बाकीच्या पत्रांत लोक थेट बाटलीपासूनच सुरुवात करतायत.

कानासाठीचं असं वेगळं मॅग्नेशियम नसतं. लेबलवर कानाचं चित्र असलं तरी नसतं. सायट्रेट म्हणा, ग्लायसिनेट म्हणा, ही त्याच्यासोबत आलेली मंडळी आहेत, पोटापासून रक्तापर्यंत सोडायला येतात आणि तिथून पुढे सगळं मॅग्नेशियम एकसारखंच. त्यामुळे प्रकार बघून फरक पडतो तो किती शोषलं जातं आणि पोट किती बिघडतं एवढ्यातच.

आता ते टिनिटसवर, म्हणजे कानातल्या या आवाजावर, चालतं का? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲरिझोना शाखेने २०११ साली एक छोटा अभ्यास छापला होता, ज्याचा दाखला प्रत्येक जाहिरातीत देतात. टिनिटसच्या पेशंटना रोज ५३२ मिलिग्रॅम मॅग्नेशियम तीन महिने दिलं, शेवटपर्यंत टिकले १९ जण, आणि त्रासाच्या प्रश्नावलीतले त्यांचे मार्क कमी झाले म्हणजे त्रास हलका झाला. ऐकायला छान आहे, पण त्यात साध्या खोट्या गोळीचा म्हणजे प्लासिबोचा गटच नव्हता, आणि टिनिटस हा असा प्राणी आहे की कुणी तीन महिने आपुलकीने विचारपूस केली तरी निम्मा शांत होतो, हे मी रोज बघते. दुसरीकडे २०१६ मध्ये ५३ देशांतल्या १७८८ टिनिटसवाल्यांचा एक सर्व्हे आला. जवळपास चौघांतला एक जण कुठलं ना कुठलं सप्लिमेंट घेत होता, आणि घेणाऱ्यांपैकी ७०.७ टक्के म्हणाले काही फरक नाही, १९ टक्के म्हणाले बरं वाटलं, १०.३ टक्क्यांचा आवाज उलट वाढला. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्टच लिहिलंय की त्रासदायक टिनिटससाठी गिंको, झिंक, मेलाटोनिन किंवा इतर सप्लिमेंट सुचवू नका.

तरीही घेऊन बघायचंच असेल तर मी अडवणार नाही, कारण किडनी धडधाकट असेल तर माफक डोसमध्ये मॅग्नेशियम हे तसं गरीब औषध आहे, झोपेला बरं वाटतं असंही काही जण सांगतात आणि झोप लागली तर किर्रर्र ऐकायला जागं कोण राहणार. फक्त डबा हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका, डबा फिरवा आणि मागच्या तक्त्यात एलिमेंटल हा शब्द शोधा. १००० मिलिग्रॅम ग्लायसिनेट म्हणजे त्यातलं खरं मॅग्नेशियम साधारण १४० मिलिग्रॅम, सायट्रेट असेल तर १६०, थ्रिओनेट असेल तर जेमतेम ८०. ऑक्साइडमध्ये ६०० निघतं, म्हणून कागदावर ऑक्साइड सगळ्यात भारी दिसतं, पण त्यातलं अंगाला फार थोडं लागतं आणि उरलेलं आतड्यात पाणी ओढत बसतं, पुढचं सांगायला नको. एलिमेंटलचा आकडा कुठेच दिला नसेल तर तो डबा परत ठेवा. आणि तो आकडा एका गोळीचा आहे की दिवसाच्या तीन गोळ्यांचा तेही त्याच तक्त्याच्या वर बारीक अक्षरात असतं, तिथे बरेच जण फसतात.

बद्धकोष्ठ असेल तर सायट्रेट बरं, दोन कामं होतात. पोट नाजूक असेल तर ग्लायसिनेट. थ्रिओनेट सगळ्यात महाग असतं कारण ते मेंदूत पोचतं असा दावा आहे. तो दावा २०१० मधल्या उंदरांच्या स्मरणशक्तीवरच्या कामातून आलाय, त्याचा टिनिटसशी काही संबंध जोडलेला नाही, तेव्हा त्यापायी जादा पैसे घालवायची गरज मला तरी दिसत नाही. टॉरेटचंही तेच.

डोस : सप्लिमेंटमधून घ्यायची वरची मर्यादा अमेरिकेत दिवसाला ३५० मिलिग्रॅम धरतात, युरोपात २५०. म्हणजे मेयोचा ५३२ चा डोस दोन्हीच्या वर होता आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, तुम्ही घरी तिथे जाऊ नका. रात्रीच्या जेवणानंतर १०० ते १५० ने सुरू करा, पोटाने कुरकुर केली नाही तर दोन आठवड्यांनी २०० ते २५०, आणि बस. तीन महिने झाले की थांबून हिशोब करा. हिशोबासाठी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आज त्रास दहापैकी किती एवढा एक आकडा लिहा. रोज लिहू नका हं, रोज मोजायला बसलं की माणूस रोज कान देऊन ऐकतो आणि कान दिला की टिनिटस शेफारतो.

मी स्वतः हा उद्योग केलाय. माझ्या उजव्या कानात गेली काही वर्षं बारीक शिट्टी आहे, लोकांचं ऐकणं तपासणारी ऑडिओलॉजिस्ट असून आहे, हसू नका. तीन महिने सायट्रेट घेतलं, आकडा पाच होता तो पाचच राहिला, पोट मात्र वेळेवर साफ व्हायला लागलं.

रक्ततपासणी करू का असंही तुम्ही खाली लिहिलंय. करा हवी तर, पण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी रक्तात एक टक्काही नसतं, निम्म्याहून जास्त हाडांत असतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे साठा भरलेला आहे असं नाही. बदाम, भोपळ्याच्या बिया, पालेभाज्या, डाळी, कडधान्यं हे ताटात रोज असेल तर बहुतेकांचं भागतं.

आणि खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला मॅग्नेशियमपेक्षा महत्त्वाचं वाटलं ते वरच्या फ्रिक्वेन्सीत कमी ऐकू येतंय हे वाक्य. बाहेरून आवाज कमी आला की मेंदू आतून व्हॉल्यूम वाढवतो, किर्रर्र बहुतेक वेळा त्यातूनच येते. हिअरिंग एडची ट्रायल घेऊन बघा, अनेकांची किर्रर्र मशीन घातल्या घातल्या मागे पडते. रात्री खोली अगदी चिडीचूप ठेवू नका, पंख्याचा किंवा पावसाचा हलका आवाज चालू ठेवा, किर्रर्र पूर्ण झाकून टाकेल इतका मोठा नको, तिच्यापेक्षा थोडा खालीच. आणि त्रास डोक्यात बसला असेल तर सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी नावाचं समुपदेशन असतं, टिनिटसचा त्रास कमी करण्यात सगळ्यात भक्कम पुरावा त्याचाच आहे. आवाज जात नाही त्याने, पण आवाजाचा राग जातो. सवय करून घ्या म्हणून डॉक्टरांनी सोडून दिलं, पण ती सवय कशी करायची ते शिकवणारं हेच.

प्रश्न : मी बँडमध्ये ड्रम वाजवतो, वय २४. प्रॅक्टिसनंतर दोन-तीन तास कान सुन्न असतात आणि शिट्टी वाजते, मग सकाळी सगळं ओके. आमच्यातला एक जण म्हणतो वाजवण्याआधी मॅग्नेशियमची गोळी घेतली तर कान खराब होत नाहीत, मिलिटरीत टेस्ट झालीय. खरं का? इयरप्लगने वाजवायची मजाच जाते.

मिलिटरीत टेस्ट झालीय हे खरं आहे, आणि चांगली झालीय. इस्रायलमध्ये ३०० नव्या जवानांवर, दोन महिन्यांच्या ट्रेनिंगभर, गोळीबाराच्या आवाजात. काहींना रोज १६७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम ॲस्पार्टेट, काहींना खोटी पावडर, कुणाला काय मिळतंय ते कुणालाच माहीत नाही. १९९४ मध्ये निकाल छापला तेव्हा मॅग्नेशियमवाल्यांत कायमचं ऐकू कमी होण्याचं प्रमाण कमी निघालं आणि ज्यांचं झालं त्यांचंही कमी झालं. म्हणजे तुझा मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये.

पण त्याने एक गोष्ट सांगितली नाही. ते सगळे जवान इयरप्लग घालून होते! मॅग्नेशियम प्लगच्या जोडीला होतं, प्लगच्या ऐवजी नव्हतं. आणि ते दोन महिने रोज घेत होते, वाजवायच्या आधी एक गोळी टाकली आणि बसले ड्रमवर असं नाही.

ते काम का करत असावं याची कारणमीमांसा पण पटण्यासारखी आहे. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात दोन्ही प्रकार मिळून पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी असतात, आवाजाने त्यांचे केस हलले की खालून ग्लुटामेट नावाचं रसायन मज्जातंतूला निरोप देतं. आवाज फार झाला की ग्लुटामेट बदाबदा सांडतं, मज्जातंतूची टोकं सुजतात, शिवाय तिथल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या आकसतात. मॅग्नेशियम ग्लुटामेटच्या एका दाराशी बूच घालून बसतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं. जीवनसत्त्व अ, क, ई आणि मॅग्नेशियम एकत्र दिल्यावर गिनीपिगचे कान छान वाचले होते, मग माणसांना मोठ्याने गाणी ऐकवून तेच मिश्रण देऊन बघितलं तेव्हा मात्र फरक दिसला नाही. त्यामुळे गोळीच्या भरवशावर कान मोकळे ठेवणं म्हणजे छत्री घरी ठेवून सर्दीची गोळी खिशात घेऊन पावसात जाणं.

आता हिशोब बघ. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. ड्रमसेटवर मन लावून वाजवणाऱ्याच्या कानाशी १०० सहज होतात. म्हणजे तुझा दिवसभराचा कोटा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपला. आता फक्त १५ डेसिबल अडवणारा प्लग घातला तर कानात पोचतात ८५, म्हणजे पंधरा मिनिटांचे आठ तास झाले. बाजारातलं कुठलंच सप्लिमेंट याच्या आसपासही येत नाही.

मजा जाते म्हणतोस ते फोमच्या प्लगने जाते, बरोबर आहे, फोम वरच्या पट्टीचे आवाज जास्त कापतो आणि झांज घोंगडीत गुंडाळल्यासारखी ऐकू येते. म्युझिशियनसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच खाली आणतात, गाणं तेच राहतं, फक्त लांबून आल्यासारखं. आठवडाभर विचित्र वाटेल, मग त्याशिवाय वाजवणं विचित्र वाटेल.

तोवर फोम वापरायचा तर तो नीट घाल, दहातले सात जण कानाच्या तोंडाशी नुसता टेकवून ठेवतात (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही). हात धुऊन प्लगची बोटांत बारीक वात वळायची, सुरकुती न पडता. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, त्याने आतली वळणदार वाट सरळ होते. वात आत सरकवायची आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायची, फोम फुगेपर्यंत. समोरून आरशात बघितल्यावर प्लग बाहेर आलेला दिसत असेल तर तो बसलेला नाही, काढून परत. बसलाय का ते कळायला तळहातांनी दोन्ही कान झाक आणि उघड, प्लग नीट असेल तर फारसा फरक ऐकू येणार नाही.

आणि सकाळी सगळं ओके असतं यावर जाऊ नकोस रे बाबा. सुन्नपणा उतरला म्हणजे केसपेशी सावरल्या असतील, पण दर वेळी सगळ्याच सावरतील असं नाही, आणि गेलेली केसपेशी माणसात परत उगवत नाही. वर्षातून एकदा ऑडिओग्राम काढ.

प्रश्न : आईचं वय ७१. कानात सतत घूं आवाज येतो म्हणते. तिला थायरॉइडची गोळी, बीपीची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी कायमची चालू आहे, किडनी थोडी कमी काम करते असं डॉक्टर मागे म्हणाले होते. तिला मॅग्नेशियम किती द्यावं?

सध्या शून्य. जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम, ती दमलेली असेल तर ते रक्तात साचतं आणि बीपी पडणं, गळून जाणं, झोप झोप होणं, ठोके मंदावणं अशी चढत जाणारी भानगड होते. तिच्या डॉक्टरांना ईजीएफआरचा, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा, आकडा विचारा, तो ३० च्या खाली असेल तर विषयच बंद, वर असेल तरी त्यांनी हो म्हटल्याशिवाय नको. वयस्कर मंडळी पोट साफ व्हायचं औषध घेतात त्यातही बरेचदा मॅग्नेशियमच असतं, तेही त्यांना दाखवा.

थायरॉइडच्या गोळीला मॅग्नेशियम चिकटतं आणि गोळी अंगाला लागत नाही, म्हणून कधी द्यायचंच ठरलं तर दोघांत चार तासांचं अंतर. काही अँटिबायोटिक्स आणि हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्यांचंही असंच आहे. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर ती प्रकाराप्रमाणे मॅग्नेशियम घालवते किंवा उलट धरून ठेवते, नाव बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ॲसिडिटीची गोळी मात्र लक्षात ठेवा. ओमेप्राझोलच्या जातीची असेल आणि वर्षानुवर्षं चालू असेल तर रक्तातलं मॅग्नेशियम खाली येऊ शकतं, अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ मध्ये तशी सूचनाच काढली होती. म्हणजे बघा, एकीकडे किडनी म्हणते देऊ नका आणि दुसरीकडे ॲसिडिटीची गोळी म्हणते कमी पडतंय. हा गुंता रक्ततपासणी करून डॉक्टरांनीच सोडवायचा. आणि आधी कुणाकडून तरी आईच्या कानात डोकावून घ्या, या वयात मळाचा बोळा बसून घूं होणं अगदी नेहमीचं आहे, काढला की पाच मिनिटांत गप्प.

प्रश्न : कानामागे चोळायचं मॅग्नेशियम ऑइल मिळतं, त्याने पोटाचा प्रश्न येत नाही म्हणे.

पोटाचा प्रश्न येत नाही कारण ते आत जातच नाही म्हणण्याइतपत कमी जातं. कातडी चुरचुरते तेवढी खरी. तेल मात्र म्हणू नका त्याला, ते मिठासारखं मॅग्नेशियम क्लोराइड पाण्यात विरघळवलेलं असतं. आणि कानाच्या आत तर चुकूनही घालू नका.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी सकाळी उठले तर डाव्या कानाला दडा बसलेला. सर्दी नाही, दुखत नाही. फोन डाव्या कानाला लावला तर शब्द कळत नाहीत आणि आत घरघर चालू आहे. मॅग्नेशियम मागवलंय, दोन दिवसांत येईल. किती दिवसांत फरक पडेल?

हे पत्र छापायची वाट न बघता त्याच संध्याकाळी या ताईंना फोन केला, पण बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

एका कानाचं ऐकू येणं एकाएकी, म्हणजे तीन दिवसांच्या आत, धाडकन उतरलं तर ती इमर्जन्सी आहे. दुखत नसतं म्हणून लोक सर्दी असेल, मळ असेल म्हणत आठवडे काढतात. आतल्या कानाचं असेल तर स्टेरॉइडचा कोर्स देतात आणि तो जितका लवकर तितका उपयोगी, पहिल्या दोन आठवड्यांत तर नक्कीच सुरू व्हायला हवा. फोनवर मी त्यांना तोंड बंद ठेवून गुणगुणायला सांगितलं. मळाने किंवा पाण्याने दडा बसला असेल तर आपली गुणगुण त्याच कानात मोठी ऐकू येते. यांना ती उजव्या, म्हणजे चांगल्या कानात ऐकू आली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. ही काही तपासणी नव्हे, मळ वाटला तरी डॉक्टरांकडे जायचंच, पण यांना मी म्हटलं उद्या नको, आत्ताच निघा.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप येत असेल, सोबत चक्कर किंवा चेहरा वाकडा होणं असेल, तर तिथेही आधी डॉक्टर, बाटली मग.

ताई त्याच रात्री गेल्या, ऑडिओग्राम झाला, आतल्याच कानाचं निघालं, स्टेरॉइड सुरू आहे, किती परत येतंय ते पुढच्या तपासणीत कळेल. दरम्यान मॅग्नेशियमचं पार्सल येऊन पडलंय, त्याचं काय करू असा त्यांचा काल मेसेज होता. राहू द्या कपाटात, कोर्स संपला की तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि मग डबा फिरवून मागचा तक्ता वाचू.